आईच्या खोलीचा थर्मोस्टॅट

शिकागोजवळ नेपरव्हिलच्या आमच्या घरात आधी एकच थर्मोस्टॅट होता, खालच्या मजल्यावर. स्वयंपाकघर उबदार असलं की त्याच्या लेखी सगळं घर उबदार. आई पहिल्यांदाच सहा महिने राहायला येणार होती, म्हणून मी घराचे तीन झोन करायचे ठरवले: खालचा मजला, आमची बाजू आणि आईची खोली. बेसमेंटमधल्या फर्नेसची गरम हवा वर आणणाऱ्या डक्टमध्ये प्रत्येक झोनसाठी एक झडप बसवली आणि आईच्या खोलीतल्या भिंतीपर्यंत वेगळी तार ओढून तिथे तिचा थर्मोस्टॅट लावला. तारा जोडायला मी तालुक्याच्या शाळेत शिकलो. तिथले सर माझ्यासाठी सुट्टीतही प्रयोगशाळा उघडायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, तो त्यांच्यामुळे आणि आईमुळे.

"एका खोलीसाठी एवढा उपद्व्याप?" आल्या आल्या आई म्हणाली.

"माझ्यासाठी कधी एक तार नाही ओढली हो, आई!" बायकोने टोमणा मारला.

आईने त्याच भिंतीलगतच्या कपाटावर देव मांडले आणि ताटलीत तेलाचा दिवा लावला. पहाटे उठल्यापासून संध्याकाळपर्यंत तो तेवत असायचा. मी अंधारातच शिकागोची ट्रेन पकडायचो आणि दिवसभरात दोनदा तरी फोनवर तिच्या खोलीचं तापमान बघायचो. बहात्तर फॅरनहाइट, म्हणजे आपलं बावीस. रात्री तिच्याजवळ टेकायचो तेव्हाही खोली छान उबदार असायची. मला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

जानेवारीत ती म्हणाली, "मला आता घरी पाठव. ही थंडी सोसत नाही रे."

मी खूप समजावलं. तिने ऐकलं नाही. तिकीट अलीकडचं करून घेतलं आणि तिला विमानात बसवून आलो.

ती गेल्यावरही बायको तिथल्या देवांपुढे दिवा लावायची. एका रविवारी सकाळी मी त्या खोलीत कपाट आवरत बसलो होतो. तासाभरात बोटं गारठली. फोन म्हणत होता बहात्तर. मी थर्मोस्टॅटवर तळहात ठेवला, तर तो चांगला कोमट. दिव्याची ऊब सरळ वर त्याच्यावर जात होती. खोली तापली असं समजून तो झडप बंद करत होता. संध्याकाळी दिवा शांत झाला की खोली तापायची, आणि ती रात्रीची खोलीच मला माहीत होती.

तसाच आईला फोन लावला. "दिवसा खोली गार पडायची, तर सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तू बसवलंयस म्हणजे ते एवढंच तापत असेल. तू शिकलेला. मी अंगावर दोन शाली घेत होते की."

माझ्या शिक्षणाचा तिला केवढा अभिमान, आणि त्यापायीच ती थंडीत गप्प बसून राहिली.

त्याच दिवशी थर्मोस्टॅट समोरच्या भिंतीवर हलवला. तिला सांगितलं, "आता चूक दुरुस्त केली आहे. दिवाळी झाली की ये."

"नाही रे, आता गुडघे एवढा प्रवास करू देणार नाहीत," ती म्हणाली. "तूच ये. आपल्या दारच्या ओट्यावर सकाळी किती छान ऊन येतं! दोघं बसू."

"रजा मागतो," म्हणालो. तीन हिवाळे झाले. गेल्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणालो.