अहवालातली वरठीवाली

बाईंनी माझ्या पहिल्या अहवालाला कात्री लावली, ती खरोखरची, शिवणकामाची. मी हादरलेच. महिनाभर खपून लिहिलेली पानं त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कापली आणि सतरंजीवर दोन ढीग केले. एकात गावातल्या बायांची वाक्यं, दुसऱ्यात माझी. माझा ढीग मोठा निघाला. "एवढं तूच बोलून राहिली, तं त्यायच्याकडं कायले गेली होती?" असं विचारून बाई चहा ठेवायला उठल्या.

भंडाऱ्यातल्या एका छोट्या संस्थेत बाई संशोधनाचं काम बघायच्या. भाताच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, टोळीनं जाणाऱ्या बायांच्या मुलाखती आम्ही घेत होतो. 'बहुतांश महिलांनी समाधान व्यक्त केले' असं मी लिहिलं की त्यांचा पारा चढे. "बहुतांश म्हणजे किती जणी? समाधान असं तोंडानं कोण बोलली?" कोणीच बोलली नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, "काम भेटते, बस." बाईंनी तेच लिहायला लावलं, आणि खाली हेही, की त्या बोलत होत्या तेव्हा मुकादम जवळच उभा होता. त्या एका ओळीनं अख्ख्या पानाचा अर्थ फिरला.

कोणाच्या बोलण्यातला एक शब्द बदललेला त्यांना खपत नसे. "वाचणाऱ्याले तिचा आवाज आला पाहिजे, तिचं तोंड नाही दिसलं पाहिजे," हे त्यांचं रोजचं. म्हणून नावं तेवढी बदलायची. आणि छापायच्या आधी सगळं त्याच बायांना वाचून दाखवायचं, हा नियम.

त्या नियमाप्रमाणे सिहोऱ्याकडच्या एका गावात, समाजमंदिरात, मी वाचायला बसले. शेजारी बाई होत्या. समोर गावातल्या पंचवीसेक बाया, अगदी पुढ्यात मुकादमाची बायको. त्या गावातल्या एकीनं मला विश्वासानं सांगितलं होतं, की बांधीत, भाताच्या शेतात, मुकादम अंगाला हात लावतो. बोललं तर टोळीतून काढेल आणि घरी कळलं तर नवरा घराबाहेर काढेल. तिचं नाव मी बदललं होतं. खड्या आवाजात मी वाचलं, "सुमन, माहेर वरठी," आणि पुढं तिचं सगळं बोलणं.

सगळ्या माना एकदम मागं वळल्या. आमच्याकडं गावात सुनेला नावानं कोण हाक मारतं? माहेरावरूनच मारतात. ती साऱ्या गावाची वरठीवाली होती. तिचं खरं नाव निम्म्या जणींना माहीतही नसेल, आणि मी शहाणीनं नेमकं तेच झाकलं होतं. माझ्या आईला आजी जन्मभर लाखनीवाली म्हणत आली, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मागं भिंतीला टेकलेली वरठीवाली पांढरीफटक पडली होती.

"कोण बोलली हे?" मुकादमाच्या बायकोनं विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "माझंही माहेर वरठीच आहे वो. कॉलेजात होती तवा सुट्टीत रोवणीले जात होती, तवाचं हे. या पोरीनं माझं बोलणं तुमच्या गावाच्या कागदात घुसडलं." आणि माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी तो मजकूर तिथंच खोडला.

कोणाला पटलं, कोणाला नाही. पण त्यावर बोलायला जागाच उरली नाही आणि वरठीवाली टोळीत टिकली. छापलेल्या अहवालात मात्र तिची गोष्ट राहिली. गाव, वय, माहेर काढून. परतताना मी रडत होते. "रडू नको," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन हरेक ओळ वाच अन् पाह्य, कोण ओळखू येते ते." मला मात्र वेगळाच धक्का बसला होता. शब्दाला शब्द जपणारी ही बाई इतकं सराईत खोटं बोलली कशी?

गेल्या वर्षी बाई गेल्या. घरी भेटायला आलेल्यांत वरठीवालीही होती, दोन एसट्या बदलून आलेली. मी तिची माफी मागितली आणि म्हणाले, "बाई तुमच्यासाठी खोटं बोलल्या."

"खोटं कायचं, माय," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बाई एकटीच माझ्या घरी आली होती. तिच्या टोळीत तिच्यासंगही तेच झालं होतं. माझ्याजवळ बसून लय रडली. कोणालेच नव्हतं सांगितलं म्हणे, कोणी विचारलंच नाही."

सहा वर्षं मी गावोगाव बायांना प्रश्न विचारत फिरले. रोज समोर बसणाऱ्या बाईंना एकही विचारला नाही.