सलग रेघेचं झाड

माझी आत्या जन्मभर दुसऱ्यांच्या घरात ऊन आणत आली. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. दोन इमारतींमध्ये चेंगरलेली, कुणी फुकट दिली तरी घेऊ नये अशी जागा त्यांच्याकडे येते, आणि तिथे मधोमध उघडा चौक, समोरासमोर खिडक्या, न्हाणीघराच्या पाण्यावर वाढणारी बाग असं घर उभं राहतं. कागदावर ते सगळं आत्याच्या हातचं.

तिचं स्वतःचं घर म्हणजे दिव्याखाली अंधार, तोही भरदुपारी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. आतोबा म्हणतात, "आपला सूर्य बटणावर चालतो. ढगांची भीती नाही." आत्या हसते. पण तिला झाड हवं होतं. बाकी कशासाठी ती कधी अडून बसली नाही.

आमच्या जुन्या घराच्या परसात, स्वयंपाकघराच्या दाराशी तुती होती. रस्ता रुंद झाला तेव्हा परस गेलं, तुतीही गेली. मी ती पाहिलेली नाही, पण आत्याकडून ऐकून ऐकून तिच्या फांद्या मला तोंडपाठ झाल्यात.

आत्याच्या ऑफिसात एक नियम आहे. जागेवर उभं असलेलं झाड नकाशात सलग रेघेच्या गोलानं दाखवायचं, पुढं लावायचं असेल तर तुटक रेघेच्या. सलग गोलाला कुणी हात लावायचा नाही. भिंतीनं वळायचं, झाडानं नाही. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर होतं. स्वयंपाकघराचं दार नेमकं जुन्या घरासारखं मागच्या बाजूला आलं, आणि आत्याच्या हातानं दाराशी एक गोल काढला. सलग रेघेचा. तिथं गवताची काडीही नव्हती.

मिस्त्री नकाशाबाहेर बोट न टाकणारा. त्यानं खाली माती मोकळी सोडली, स्लॅबला गोल भोक ठेवलं, जिनासुद्धा वळसा घालून नेला, आणि मग फोन केला. "ताई, झाड सांभाळून घर बांधलंय. आता झाड तेवढं पाठवा!"

"अहो, तिथं झाड नाही हे दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं की. म्हटलं मोठी माणसं, क्रेननं आणत असतील."

ऑफिसात हसून हसून मुरकुंडी वळली. साहेब मात्र म्हणाले, भोक बुजवा. आत्या आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना नाही म्हणाली आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली. तुतीची सगळी गोष्ट तिनं त्यांना सांगून टाकली. बाई म्हणाल्या, "भोक माझ्या घरात, झाड तुमच्या डोक्यात. मग लावा की तुम्हीच!"

आत्यानं तुतीची फांदी आणून खोचली. ती जगली, वाढली, स्लॅबच्या भोकातून वर गेली. बाई दर बहराला बोलावतात. आत्या एकदाच गेली, सावलीत बसली, चहा घेतला, घरी आली. त्यानंतर काही ना काही निमित्त काढून टाळतेच. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथून परत आलं की ही भिंत अजून जवळ येते गं."

यंदा बाईंनी डबाभर तुती घरीच पाठवली. आत्यानं खिडकीशी उभ्यानं एक खाल्ली, मग दुसरी. बोटं जांभळी झाली. तिनं हात बाहेर काढला आणि शेजारच्यांच्या भिंतीवर बोटानं गोल काढायला घेतला.

"आत्या, शेजारीण भांडायला येईल हं," मी म्हटलं. "आणि काढतेसच तर तुटक रेघेचा काढ. तिथं झाड नाहीये."

"माहितीये," ती म्हणाली. रस संपला होता. तिनं डब्यातली आणखी एक तुती चिरडली, आणि राहिलेली रेघ जोडून घेतली.