आमेन म्हणजे मत नव्हे

अन्याय सिस्टरवर झाला. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी, उपासना आटोपून वार्षिक सभा सुरू होताना, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना.

सिस्टर म्हणजे बुलढाण्यात नर्स म्हणून निवृत्त झालेली बाई, आमच्या चर्चच्या मंडळीची एक पंच. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बिशपांकडून नेमून येतात. पंच मात्र दरवर्षी या सभेत आम्ही निवडतो, आमच्यातलेच कारकून, मास्तर, नर्सा. हात वर करून, मोजून. पाळकांनी एकट्यानं कारभार हाकू नये म्हणून तर ही सोय. सिस्टर ती सोय खरोखर वापरायची, एवढाच तिचा गुन्हा. मोताळ्याला आमची चार-दोन घरं आहेत. म्हातारी माणसं, घाट चढून चर्चला येणं त्यांना होत नाही. महिन्यातून एकदा तिकडे जाऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्या, असं ती पंचांच्या प्रत्येक बैठकीत म्हणायची. पाळकसाहेब म्हणायचे, "बघू." ती पुढच्या बैठकीत परत म्हणायची.

मतदानाआधी प्रार्थना करायची, ही आमची जुनी रीत. त्या दिवशी पाळकसाहेबांनी प्रार्थनेतच नव्या पंचांची नावं घेतली. "प्रभू, तू निवडलेल्या या सेवकांना सामर्थ्य दे," आणि एकेक नाव. सिस्टरचं नव्हतं. शेवटी नेहमीप्रमाणे सगळे म्हणाले, आमेन.

डोळे उघडले तर साहेब कागद आवरत होते.

मी उभा राहिलो. "पाळकसाहेब, मतदान?"

"आमेन झालं ना, बाळ? मंडळीनं एकमतानं स्वीकारलं."

"प्रार्थनेत कोण हरकत घेईल?"

मागून एक काका बोलले, "बस ना बे खाली! चहा थंडा होऊन राह्यला."

चहा खरंच थंड होत होता. सगळे उठले.

मी पत्रक काढलं: आमेन म्हणजे मत नव्हे. पुढच्या रविवारी फाटकाशी उभं राहून वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, बायबलमध्ये ठेवलं. एकानं त्यावर भजी खाल्ली, माझ्यासमोर, आणि वर म्हणाला, "कागद चांगला आहे बरं." त्यानंतर माझ्या बाकावर कुणी बसेना. शेजाऱ्याशी हात मिळवून शांतीचा सलाम करायची वेळ आली की मी उजवीकडे वळायचो, तिकडे भिंत. डावीकडे रिकामं लाकूड.

एका संध्याकाळी सिस्टरच्या घरी गेलो. ती मेथी निवडत होती.

"तुम्ही काऊन आमेन म्हटलं, सिस्टर?"

ती हसली. "अरे, लहानपणापासूनची जीभ आहे माही. प्रार्थना थांबली की आपोआप निंगते. माह्यं नाव नाई आलं, हे मले आमेन म्हटल्यावर समजलं." मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "मोताळ्याच्या बाजारात त्या म्हाताऱ्या भेटतात. पाळक कधी येतीन, इचारतात. आता मी कोण म्हणून सांगू त्याइले?"

मी जुडी पुढे ओढून मेथी निवडू लागलो.

"या रविवारपासून तुमच्या बाकावर बसतो," मी म्हटलं.

"नको. गट केला म्हणतीन. आन् तू लग्नाचा आहेस, कोण देईन तुले पोरगी?"

म्हणून ती खिडकीखाली एकटी बसते आणि मी दाराशी एकटा. मधल्या बाकांवर बसणारे मला खासगीत सांगतात, तुझं बरोबर आहे. खासगीतलं बरोबर मला नको आहे. मोताळ्याच्या म्हाताऱ्यांना तर मुळीच उपयोगाचं नाही.

सभा पुन्हा बोलवता येते. मंडळीतल्या पुरेशा लोकांनी उघड मागणी केली, तर पाळकांना ती टाळता येत नाही. मी एकटा पुरेसा नाही. तुम्ही मंडळीचे असाल, तर येत्या रविवारी उपासना सुटल्यावर घरी जाऊ नका. माझ्या शेजारी येऊन उभे राहा आणि पाळकसाहेबांना तोंडावर सांगा: सभा घ्या, हात मोजा.