सून पळाली

सायकलीवर माझ्याबद्दल कोणी शंका घेत नाही. यवतमाळात चहा प्यायला थांबले तरी टपरीवाला विचारतो, "ताई, आता कोणती रेस?" राज्याची स्पर्धा जिंकले तेव्हा चौकात माझा फोटो लागला होता, तोही चांगला महिनाभर. पण तीच मी, पोहणं, सायकल आणि पळणं असं तिन्ही एका दमात करायच्या स्पर्धेत उतरते म्हटलं, तर सगळे पायांकडे बघायला लागले.

सगळ्यात जास्त बघितलं ते सरांनी. मला सायकल शिकवली ती त्यांनीच, शाळेत असताना. निवृत्त झाले तरी सकाळी शिट्टी गळ्यात घालूनच फिरतात. ते म्हणाले, "तू विहिरीत पोहतं, मान्य. सायकल तं विचारूच नको. पण पळणं तुह्या पायाचं काम नाही. सायकलवाल्याचे पाय गोल फिरतात, जमिनीवर आले की बसतात. तू आपली टीममध्ये सायकल चालव, पळायले मी दुसरी पोरगी देतो."

मी म्हणाले, "मले तिन्ही करायचं आहे."

"हट्ट कायले करून राह्यली?"

हट्ट होताच. सायकल मला आवडते, पण लोकांनी आपल्याला एकाच कामाची ठरवून टाकलं की अंगाचा तिळपापड होतो. मी म्हणाले, "सर, उद्या सकाळी तुमी सोता या. डोळ्यानं पाहा."

ते आले, स्कूटर घेऊन. आमचं गाव कळंब रोडला लागून आहे. नवरा पहाटेच कपाशीला फवारायला गेला होता आणि सासूबाई देवपूजेत होत्या, म्हणून मी कोणाला न सांगताच निघाले. मी पुढे आणि सर मागे स्कूटरवर, हातात घड्याळ. दूधवाला यवतमाळकडे जाताना दिसला. मी हात केला, त्यानेही केला.

आता आमच्याकडे धावणं हा शब्द पुस्तकात. तोंडात पळणंच. आणि बाई पळाली, याचा अर्थ आमच्या गावात एकच होतो.

दूधवाल्याने फक्त जे पाहिलं ते फोनवर बायकोला सांगितलं. "ते सायकलवाली सून पळून राह्यली होती. मास्तर गाडी घेऊन मागं होता." बायकोने शेजारणीला सांगितलं. मी परतीच्या वाटेला लागेपर्यंत गावात पक्कं झालं होतं, की सून पळाली, मास्तराच्या संग. सासूबाईंना धीर द्यायला अंगणात बाया जमल्या. कोणी म्हणे, मी आधीच सांगितलं होतं, एवढ्या बाहेर फिरणाऱ्या बाईचं असंच होते. कोणीतरी शेतात निरोप धाडला. नवरा पाठीवर फवारणीचा पंप तसाच घेऊन घरी आला.

तेवढ्यात मी अंगणात शिरले. घामाने भिजलेली, पायात बूट. मागून सरांची स्कूटर. सरांनी पाणी मागितलं. पाणी द्यायला कोणी जागचं हललं नाही.

सासूबाईंनी पदर तोंडावरून काढला. "कुठं गेलती वो?"

मला काय माहीत. मी म्हणाले, "पळाली."

"ते समजलं आमाले! मंग वापस काहून आली?"

आधी नवरा हसला. मग एकेक करून सगळ्या बाया. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, पंप उतरव म्हणून पोरावरच ओरडल्या. आणि सर? गावाने काय अर्थ काढला ते कळलं तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाणी न पिताच गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "पळणं बंद कर. टीममध्ये सायकल चालव."

"पण तुमी पाह्यलं ना काल? कुठं बसले माह्ये पाय?"

"पाह्यलं. रस्ता उताराचा होता."

उताराचा! जाताना उतार, तर येताना काय होतं? याचाच मला राग आला. लोकांना घाबरले असते आणि तसं म्हणाले असते, तर मी समजून घेतलं असतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघून पुन्हा दोष माझ्या पायांवर. मी फोन ठेवला आणि स्पर्धेला तिन्हीसाठी एकटीचं नाव दिलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोकाईचं तोंड बंद कराचं असन, तं मीच येतो मागं." आणि खरंच, रोज सकाळी पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून, कानाला मफलर बांधून येऊ लागल्या. वाटेत कोणी भेटलं की स्वतःच गाडी थांबवायला लावून सांगायच्या, "माही सून पळून राह्यली. पाहून घे नीट."

स्पर्धा नागपूरकडच्या एका तलावावर होती. पोहून निघाले तेव्हा बरीच मागे होते, सायकलीवर सगळ्या बायांच्या पुढे आले. सायकलवरून उतरले आणि पाय म्हणजे ओल्या कापसाचं गाठोडं झाले. कठड्याशी सर उभे होते, आपली टीम घेऊन. शेजारच्याला सांगत होते, "आता पाहा, इथंच बसते." मी ऐकलं. बरं झालं ऐकलं. दोघी मला मागे टाकून गेल्या, जाऊ दिलं. मी एक पाऊलही चालले नाही, पळतच राहिले. तिसरी आले.

बक्षिसाच्या वेळी माइकवाल्याने विचारलं, "तुमचे गुरू कोण?" सरांचा एक पाय आधीच स्टेजच्या पायरीवर होता.

मी म्हणाले, "सायकल सरांनी शिकवली. पळणं सोडून दे म्हणून पण त्यांनीच सांगितलं होतं."

सरांनी पाय खाली घेतला. गाडीत नवरा म्हणाला, "एवढ्या लोकात बोलाचं काय काम होतं? म्हातारा माणूस." वाईट मलाही वाटलं. पण खाली त्यांच्या टीममध्ये एक पोरगी सायकल धरून उभी होती, आणि तिलाही त्यांनी तेच सांगितलं असणार.