आधी माझी जीभ

चंद्राकाकू अळू चिरायच्या आधी हाताला तेल लावायची आणि वाढायच्या आधी भाजी स्वतः चाखायची. जिभेवर घेऊन खाजतंय का ते बघायची. कुणी हसलं तर म्हणायची, "आधी माझी जीभ, मग तुमचा गळा." निलंग्याच्या आमच्या घरात तिच्या हातचं अळू कधी कुणाला खाजलं नाही.

निजामाच्या शेवटच्या काळात काका पटवारी होते. एकदा त्यांच्यावरचा साहेब, गिरदावर, जेवायला आला. अळू अजून शिजायचं होतं, चिंच नुकतीच पडली होती. काका आत आले, त्यांनी स्वतः पातेलं उतरवलं. काकू चाखायला गेली तर पळी हिसकावली.

"साहेबाला उष्टं वाढतीस?"

"शिजलं न्हाई अजून. चाखू तरी द्या."

दिलं नाही. दुसऱ्याच घासाला साहेबाचा घसा धरला. बाई विष घालती, म्हणाला. पातेलं कुणी उतरवलं, हे काका बोलले नाहीत. त्यांनी काकूला त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवायला लावलं आणि चुलीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. चूल माझ्या आईकडे आली. आई गप्प बसली. मीही बसले, त्याची चीड अजून गेलेली नाही.

पुढं मी चौथीत असताना मास्तरांनी लातूरहून खुर्दबीन मागून आणली. डोळा लावला की बारीक वस्तू मोठी दिसायची. कच्च्या अळूचा रस काचेवर ठेवला होता. त्यात सुया होत्या, जुडी बांधल्यासारख्या. मास्तर म्हणाले, या खनिजाच्या, पानातच तयार होतात. कच्चं खाल्लं की घशात टोचतात.

मी घरी येऊन काकांना तोंडावर सांगितलं, विष नव्हतं, सुया होत्या, पातेलं तुम्ही उतरवलंत. त्यांनी थोबाडीत दिली आणि माझी शाळा बंद केली.

काकू गोठ्यात शेण काढत होती. म्हणाली, "कशाला बोललीस? मला ठाऊक होतं की." मग हात थांबवून विचारलं, "कशा होत्या गं सुया?"

ती मरेपर्यंत त्या चुलीशी गेली नाही. तेराव्याला काका म्हणाले, तिला आवडायचं, अळू करा. मी केलं. नैवेद्याआधी, सगळ्यांदेखत, पळीभर चाखलं.

"उष्टं केलंस," काका म्हणाले.

"केलं," मी म्हणाले, आणि त्यांच्या पानात वाढलं.