बिनअक्षरांचा पट

निपाणीच्या त्या छापखान्यात विड्यांच्या कट्ट्यांवर, म्हणजे बंडलांवर, चिकटवायची लेबलं छापत. मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. माझी आत्ती, वडिलांची बहीण, ज्या कारखान्यासाठी विड्या वळायची, त्याची लेबलं आप्पांकडची. एवढ्या ओळखीवर ती एक दिवस मला न विचारता माझी चित्रांची वही घेऊन त्यांच्याकडे गेली.

मी तेव्हा बी.ए. करून बेळगावात घरी बसले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आजी-आजोबांच्या हाताला तंबाखूचा वास होता. तो माझ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून पोस्टात नोकरी करणाऱ्या वडिलांनी मला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यामुळे निपाणीला गेले की माझी जीभ अडायची. समजायचं सगळं, पण तोंड उघडलं की माझं मराठी धड्यातल्यासारखं निघायचं आणि आत्तीची दहा वर्षांची मुलगी ‘मडम आक्का’ म्हणून हसायची. त्यापेक्षा मी गप्प राहायचे आणि बघत बसायचे.

वहीत नुसते प्राणी होते. कुठेच नसलेले. शाळेच्या लायब्ररीतल्या जाड पुस्तकांतून डोक्यात शिरलेले, पंखवाले, शिंगवाले, आग ओकणारे. आत्तीने मला छापखान्यात नेलं तेव्हा आप्पांच्या टेबलावर वही उघडीच होती.

“ही काय, पंखाची सुसर?”

“ड्रॅगन,” मी म्हणाले.

“आमच्यात नसतोय.” त्यांनी पान उलटलं. “पन नखं झकास काढलीयास गं पोरी. ही बघ, बोचत्यात.”

मग त्यांनी काम सांगितलं. जत्रेत विकायला पोरांसाठी एक पट छापायचा होता. चिंचोके टाकून सोंगट्या सरकवत खेळायचा, सापशिडीसारखा, पण सापशिडी नको, ती सगळेच छापतात. माझ्या वहीतली भुतं त्यांना पटावर हवी होती. अट एकच.

“एक अक्षर लिहायचं न्हाय. मराठीत छापलं तर कानडी गिऱ्हाईक तोंड फिरवतंय. कानडीत छापलं तर आपलीच माणसं दुकानावर येत्यात भांडायला. दोन्ही छापलं तर वर कुठलं नि खाली कुठलं? ती डोकेदुखी नको.”

त्या दिवसांत रस्त्याकडेच्या पाट्यांवर कधी या लिपीला डांबर फासलेलं असायचं, कधी त्या. त्यामुळे आप्पांचं म्हणणं कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

“चित्र बघून पोराला कळलं पायजे की ह्यो प्राणी काय करतोय. पुढं ढकलतोय का मागं ओढतोय. पट पोरांच्या हातात द्यायचा आनि तू तोंड उघडायचं न्हाय. त्यांना खेळता आला तर छापतो. न्हायतर सापशिडीचा जुना ब्लॉक पडलाय माझ्याकडं, तोच मशीनवर चढवतो.”

तोंड न उघडण्याची अट मला फारशी जड वाटली नाही.

महिनाभर मी बेळगावच्या घरात जेवणाच्या टेबलावर पट काढत होते. वडील रोज येता-जाता बघायचे. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता. तो माझ्या शाईच्या बाटलीखाली सरकत गेला होता. पट छापला गेला तर मी चित्रं काढणारी, नाही तर फॉर्म भरणारी, हे आम्ही दोघंही न बोलता धरून चाललो होतो.

लेबलांच्या लाल, हिरव्या, पिवळ्या शाईपलीकडे रंग नव्हते. वळणावळणाची वाट आणि तिच्यावर आठ प्राणी. एकाचे बेडकाचे पाय ताणलेले आणि पाठीवर इवलासा माणूस, म्हणजे उडी मारून पुढच्या वळणावर जा. एकाचं तोंड वरच्या घरात आणि शेपूट खाली दहा घरं मागे, शेपटीतून बाहेर पडणाऱ्या माणसाचे दोन पाय. एका दोनतोंड्याच्या दोन्ही तोंडांत चिंचोके, म्हणजे पुन्हा चिंचोके टाक. असे सात मला सहज सुचले.

आठवा खेळणाऱ्याला एक डाव थांबवणारा होता. तो मी झोपलेला काढला. डोंगराएवढा, वाटेवर आडवा, अंगावर खवले, नाकपुडीत एक पाखरू. त्याच्या खवल्यांवरच मी अकरा दिवस घालवले. एवढं चांगलं मी तोवर काही काढलं नव्हतं.

पहिली परीक्षा निपाणीत आत्तीच्या गल्लीत, विहारापुढच्या अंगणात झाली. बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. आप्पा बाकावर बसले, मी खांबाला टेकून उभी. खेळायला आत्तीची मुलगी, तिची एक मैत्रीण आणि पलीकडच्या ओळीतल्या, घरात कन्नड बोलणाऱ्या दोघी बहिणी. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं.

बेडूकपाय्या पहिल्याच झटक्यात कळला. शेपटीतून मागे पडल्यावर धाकटी बहीण एवढी हसली की तिला उचकी लागली. मला वाटलं, झालं.

मग आत्तीच्या मुलीचं बटण झोपलेल्यापाशी आलं.

“झोपलंय गं,” ती कुजबुजली. “गुपचूप फुडं पळायचं. चवड्यावर.” आणि तिने बटण दोन घरं पुढे नेलं.

“ए, फसवाफसवी! ते जागं झालं की खातंय. मागं जा!” मैत्रीण ओरडली.

थोरली बहीण म्हणाली, झोपलेल्यापाशी भीती नाही, इथे कुणी कुणाला मारायचं नाही. हे ती दोन्ही भाषा मिसळून बोलली आणि तिघी तिच्यावर तुटून पडल्या. बटणं उधळली गेली. थांबायचं, हे एकीलाही वाटलं नव्हतं.

आप्पांनी पट गुंडाळला. “झ्याक काढलाय. पन जत्रेत एकेकाच्या कानात सांगायला जाणार हाईस का तू?” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “फुडच्या बाजारापतोर थांबतो. त्याच्या फुडं न्हाय.”

मी बेळगावला परत गेले नाही. आत्तीकडेच राहिले आणि आठवडाभर डाव थांबवणारे प्राणी काढत बसले. साखळी घेतलेला काढला. आत्तीची मुलगी म्हणाली, साखळी आम्ही तोडणार. वाट अडवणारी भिंत काढली, तिला दात काढले. ती म्हणाली, चढून जाऊ. शिट्टी वाजवणारा पोलीस काढला, चार डोळ्यांचा.

“ह्यो तर पैलंच पळायला लावतोय की, मडम आक्का.”

रविवारी सकाळी ती पटाजवळ फिरकलीच नाही. आत्तीने तिला धरलं होतं. दारातल्या उन्हात आत्ती उंबऱ्यावर बसलेली, पोरगी तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर, मान खाली. तेलाची वाटी बाजूला. फणी केसांतून सरकायची, थांबायची, आत्तीच्या नखांवर काहीतरी टचकन वाजायचं. बाहेरून मैत्रिणीने हाक मारली.

“आलो, आलो!” पोरगी उठायला गेली. आत्तीने गुडघे नुसते जरासे आवळले.

“हलू नगं. अजून अर्धं रान राह्यलंय.”

“आई, सोड की गं!”

“सुटतीस. गप बस.”

मैत्रीण दारात येऊन बघून गेली. तिने परत हाक मारली नाही. आत काय चाललंय ते तिला दिसलं होतं, आणि त्यावर इलाज नव्हता.

मी कागद पुढे ओढला.

चार हातांची राक्षसीण, डोकं ढगात. एका हातात वेणी, एका हातात फणी, तिसऱ्यात तेलाची बाटली, चौथा दोन बोटांत ऊ धरून उजेडात बघणारा. दातही फणीसारखे बारीक. आणि दोन डोंगरांएवढ्या गुडघ्यांच्या मध्ये मान घातलेला इवलासा माणूस. दुपारपर्यंत ती पूर्ण झाली. खवले नव्हते, सावल्या नव्हत्या. झोपलेल्याला कापून काढून त्याच्या जागी तिला चिकटवताना माझा हात जड झाला होता, हे खरं.

आत्तीने वाकून बघितलं. “अगं बया, ही माझ्यागत दिसती.”

“न्हाय, आई,” पोरगी म्हणाली, “तुझ्यापेक्षा गरीब हाय जरा.”

बाजाराच्या दिवशी परत तेच अंगण. या वेळी पहिलं बटण तिथे गेलं ते पलीकडच्या धाकटीचं. तिने चित्र बघितलं, “अय्यो!” म्हणाली आणि आपोआप मान खाली घातली.

“कुंद्रु, कुंद्रु,” थोरली खिदळत कन्नडमध्ये म्हणाली आणि तिचा खांदा खाली दाबला.

“बस आता गप,” आत्तीची मुलगी त्याच वेळी म्हणाली.

आणि धाकटी बसली. तिचा डाव आला, तो दुसरीने घेतला, कुणी भांडलं नाही. माझं सगळं लक्ष आप्पांच्या चेहऱ्याकडे होतं. तेवढ्यात मैत्रिणीचं बटण त्याच घरात येऊन पडलं.

“सुटली!” आत्तीची मुलगी ओरडली आणि धाकटीचं बटण तिने बाहेर काढलं. “ही बसली की ती सुटली.”

कुणी विचारलं नाही का. एकीचं डोकं झालं की दुसरीला बसवतात, हे चौघींच्याही घरी तसंच होतं. वळणाऱ्या बायकांनी हात थांबवले होते आणि मैत्रिणीच्या आईने तिथूनच विचारलं, “निघाल्या काय गं किती?”

आप्पा माझ्याकडे वळले. “दुसरी आली की पैली सुटती, हे तू ठरवलंतीस?”

हो म्हटलं असतं तर चाललं असतं.

“न्हाय,” मी म्हणाले. “त्यांनीच ठरवलं. मला सुचलं नव्हतं.”

आप्पा हसले. पट गुंडाळला, पण या वेळी बगलेत मारला. “सोमवारी मशीनवर चढवतो. शाई कशी बसती ते बघायला ये. आनि दुसरा पट डोक्यात असला तर तोबी आन.”

झोपलेला प्राणी आत्तीच्या मुलीने मागून घेतला आणि भाताच्या खळीने कपाटाच्या दारावर चिकटवला. ते दार अजून कुणी आपटलं की ती म्हणते, हळू, उठंल. बँकेचा फॉर्म वडिलांनी स्वतःच टेबलावरून उचलला. कुठे ठेवला, मी विचारलं नाही.

बाजाराच्या त्या दिवशी अंगण रिकामं झाल्यावर आत्ती सुपातला चुरा झटकत म्हणाली, “मानंवर शाई, केसात शाई. ये हिकडं.” इंग्रजी शाळेत गेल्यापासून मी कुणाच्या गुडघ्यांमध्ये अशी बसले नव्हते. आत्तीने गुडघे आवळले. दुसरं कुणी येऊन मला सोडवणार नव्हतं, आणि सोमवारला अजून तीन दिवस होते.