एका पायाचं माप

"एक पाय मापला की माणूस मापला," असं मास्तर म्हणायचे. पँट शिवायला आलेलं गिऱ्हाईक ताठ उभं राहायचं, मास्तर उजव्या पायाला टेप लावायचे आणि डावा पाय नुसता ताटकळायचा. मग कापड दुहेरी घडी घालून टेबलावर यायचं, खडूची एक रेघ, कात्रीचा एक फेर, आणि दोन्ही पाय जुळ्या भावांसारखे एकदम बाहेर पडायचे. चाळीस वर्षं याच रीतीने शिवलं.

"मास्तर, डाव्याचं माप?" असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तो काय सावत्र आहे? उजव्यासारखाच असणार."

हे म्हणणाऱ्या माणसाचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा झाला होता. पंधरा वर्षांपूर्वी घोट्याला सूज आली, उतरली, पुन्हा आली आणि मग घर करून राहिली. मास्तरांनी मशीनच्या टेबलाला पुढून जाड पडदा शिवून लावला. पायडल उजव्या पायाने मारायचे. सकाळी सगळ्यांच्या आधी घरापुढच्याच दुकानात येऊन बसायचे आणि गल्ली रिकामी झाली की उठायचे. गल्लीला सगळं ठाऊक होतं, पण पडद्याचा मान राखून कुणी बोलत नसे.

दरवर्षी आरोग्य केंद्रातली ताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन यायची आणि समोर खायला लावायची. मास्तर गोळ्या जिभेखाली धरायचे, वरून पाणी प्यायचे आणि तिची पाठ वळली की बटणांच्या डब्यात टाकायचे. "माझा पाय काही आता पूर्वीसारखा होत नाही. आणि ज्यांना काहीच नाही, त्यांनी कशाला औषध खायचं?" एका वर्षी गोळ्या खाऊन शेजाऱ्याला ताप भरला. तेव्हापासून घरात त्यांनी बायकोलाच काय, मुलालाही गोळी घेऊ दिली नाही.

मुलगा टपाल वाटायचा. दिवसाला शंभरेक दारं, सगळी पायी. त्याचा गणवेश मास्तरच शिवायचे. यंदाची पँट घालून तो दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "बाबा, डावीकडे पोटरीला आवळते."

मास्तरांनी शिलाई उसवली, थोडं कापड सोडलं. आठवड्याने पँट परत आली.

"माझी पँट आजवर कुणाला आवळली नाही. तूच खातोस जास्त."

"मग मी काय फक्त डाव्या पायाने खातो?"

आतून आई हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी टेप उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय मापले. उजवी पोटरी चौदा इंच. डावी साडेपंधरा. तीनदा मापलं. बोटाने दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"कधीपासून?"

"संध्याकाळी फुगतो, सकाळी उतरतो. चालण्याने असेल."

मास्तरांना ती संध्याकाळ आणि ती सकाळ चांगली ओळखीची होती. त्यांनी स्वतः ताईला निरोप धाडला.

ताई रात्री दहा वाजता रक्त घ्यायला आली. "ही काय वेळ झाली, बाई?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"काकू, हत्तीरोगाचे किडे दिवसा आत दडतात आणि रात्री रक्तात वर येतात. त्यांना नेणारा डासही रात्रीच चावतो. दोघांची पाळी एकच."

चार दिवसांनी दुपारी गोळ्यांची पिशवी घेऊन ती पुन्हा आली. मुलाच्या रक्तात किडे सापडले होते.

"माझ्यातून गेले का त्याच्यात?" मास्तरांनी विचारलं.

"ते डासालाच माहीत. रक्तात किडे असलेल्या कितीतरी जणांना काहीच जाणवत नाही. म्हणून सगळ्यांनीच खायच्या, डासाला न्यायला काही उरू नये. शेजारच्या काकांना ताप आला तो किडे मेले म्हणून."

"आणि याचा पाय?"

"लवकर धरलाय. औषध, रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, झोपताना पाय उशीवर. नेमाने केलं तर इथेच थांबेल, चालणं सुटणार नाही."

मास्तरांनी बटणांचा डबा टेबलावर उलटा केला. बटणांमधून पिवळट पडलेल्या गोळ्या घरंगळल्या.

ताई बघत राहिली. "दरवर्षी तोंड उघडून दाखवायचात."

"जीभ नाही उचलली कधी."

"मास्तर, गल्लीत दार वाजवलं की लोक काय म्हणतात माहीत आहे? मास्तर बायकोमुलाला गोळी घेऊ देत नाहीत, मग आम्ही का खायच्या."

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात म्हणून मास्तर आधी जेवायला बसले. बायकोने वाढलेलं जेवण संपवलं. मग नव्या गोळ्या गिळल्या आणि ताईसमोर तोंड उघडून जीभ वर केली. बायकोने आणि मुलानेही तसंच केलं.

मग ते पडद्यामागून बाहेर आले. पायजम्याचा डावा पाय घड्या घालत गुडघ्यावर नेला, गळ्यात टेप टाकला.

"अहो, असे निघालात?" बायको म्हणाली.

"लोकांनी बघायला नको का?"

भर दुपारच्या उन्हात ते ताईच्या पुढे चालू लागले, जड पाय ओढत, कुठे न थांबता. मुलगा खांद्याला टपालाची पिशवी लावून उंबऱ्यात उभा होता. पहिल्या दारात, गोळ्यांनी ताप आला होता तोच शेजारी त्या पायाकडे पाहतच राहिला. मास्तरांनी गळ्यातला टेप उलगडला.

"ये पुढे. दोन्ही पाय."

ते पुढच्या दाराला गेले, मग त्याच्या पुढच्या. वळणाआड दिसेनासे होईपर्यंत मुलगा आणि त्याची आई बघत होती.